लायसन्स निघेल, पण विकशील काय?

प्रश्न : काकू, नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहते, वय ३६. कोचिंग क्लासच्या ऑफिसात आठ वर्षं होते, मार्चमध्ये तो क्लास बंद पडला. चार लोकांशी बोलायला घाबरत नाही, गाडी चालवता येते, म्हणून प्रॉपर्टी एजंट व्हावं असं डोक्यात आहे. माझे भासरे म्हणतात, "लायसन्स-बियसन्स काही लागत नाही. बेसा-बेलतरोडीला प्लॉट दाखवायचे अन् दोन टक्के घ्यायचे." मैत्रीण म्हणते, परीक्षा असते. खरं काय? अन् खर्च किती?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : वयानं धाकटी आहेस, अगं-तुगं चालेल ना? तुझे भासरे अर्धे खरे आहेत. उरलेल्या अर्ध्यात दंड बसतो.

सगळे लायसन्स म्हणतात, पण कागदावर ती नोंदणी असते, महारेराची, म्हणजे घर-प्लॉटच्या धंद्यावर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची. ज्या स्कीमची महारेरात नोंद आहे, तिथला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा तर एजंटचीही नोंद लागते. नसली तर दिवसाला १०,००० रुपये दंड, अन् तो चढत चढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. दोन टक्के दलालीवर पाच टक्के दंड, हा हिशोब भासऱ्यांना सांग. जुना फ्लॅट रिसेलला, खोली भाड्यानं, अशा कामाला मात्र ही नोंदणी लागत नाही. तिथे त्यांचं बरोबर.

आता तुझा खर्च. महारेरानं मान्यता दिलेल्या संस्थेकडे २० तासांचं प्रशिक्षण, मग कॉम्प्युटरवर परीक्षा, पास झालीस की सक्षमता प्रमाणपत्र. १ जानेवारी २०२४ पासून ते जुन्या-नव्या सगळ्यांनाच लागतं. त्यानंतर महारेराच्या वेबसाइटवर अर्ज. एकट्या माणसाची नोंदणी फी १०,००० रुपये, कंपनी किंवा भागीदारी असेल तर १ लाख. म्हणून मैत्रिणीला पार्टनर करायचा विचार असेल तर थांब, आधी एकटीच्या नावानं काढ. नोंदणी ५ वर्षं चालते. प्रशिक्षणाचे अन् परीक्षेचे पैसे वेगळे.

मी ही परीक्षा ५७व्या वर्षी दिली. बाजूचा पोरगा म्हणाला, "आजी, माउस उलटा धरला तुम्ही." चटई क्षेत्राच्या, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेच्या, प्रश्नावर मी बराच वेळ अडले, कारण बावीस वर्षांच्या दलालीत माझ्या तोंडात जिना-लॉबी धरून मोजलेलं सुपर बिल्टअपच बसलेलं. पास झाले. तूही होशील, त्याची काळजी नाही.

काळजी त्या प्लॉटांची आहे. २००६ मध्ये हुडकेश्वरकडच्या एका ले-आउटमध्ये मी एसटीतल्या एका कंडक्टरला १,५०० फुटांचा प्लॉट दिला. डेव्हलपरच्या ऑफिसात भिंतभर रंगीत नकाशा, त्यात बगिचा, मंदिर, चाळीस फुटी रस्ता. जागेवर तुरीचं शेत, चुन्याच्या रेघा अन् कोपऱ्यांत सिमेंटचे खुंट. खुंटावर लाल रंगानं ४१ लिहिलेलं. मी तो आकडा पाहिला अन् 'हाच' म्हटलं. रजिस्ट्री झाली, पेढे झाले. दोन वर्षांनी ते कंपाउंड घालायला गेले, तर दुसरा एक माणूस रजिस्ट्री घेऊन त्याच खुंटापाशी उभा. एकाच खसऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या एकाच सर्व्हे नंबरवर, दोन ले-आउट पाडले होते. स्टॅम्प, सह्या, दोन्ही रजिस्ट्र्या अस्सल. रजिस्ट्री ऑफिस कागद नोंदवतं, जमीन कोणाची ते तपासत बसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दलालीचे ६,००० रुपये मी परत नेऊन दिले. त्यांनी ते मोजले, खिशात ठेवले अन् पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच केलं.

आपल्याकडे असे मंजुरीविना पाडलेले ले-आउट ढिगानं आहेत. नासुप्रचे (नागपूर सुधार प्रन्यासचे) ५७२ अन् १९०० ले-आउट हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतील. गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला, त्यात यातले कितीतरी प्लॉट नियमित झाले, कितीतरी अजून व्हायचे आहेत. त्यामुळे धंद्यात पहिला प्रश्न हाच : आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, आहे का? अन् "आरएल आहे" म्हणणाऱ्याकडे नुसती डिमांड (नियमितीकरणासाठी मागितलेले पैसे) भरल्याची पावती असते, खूपदा. पावती वेगळी, नियमितीकरणाचं पत्र वेगळं. एनए-टीपी (बिनशेती अन् नगररचनेची मंजुरी) म्हणत असतील तर मंजूर नकाशा माग, त्यावरचा मौजा अन् खसरा नंबर सात-बाराशी स्वतः जुळव, पटवाऱ्याकडे जाऊन फेरफार बघ. भिंतीवरचा नकाशा हा नकाशा नसतो.

प्रशिक्षणाची फी भरण्याआधी आठवडाभर रोज तासभर महारेराची वेबसाइट उघडून बस. बेलतरोडी, मनीषनगर, दाभा इथल्या स्कीम काढ. मंजुरी कोणाची, ताबा कधीचा लिहिलाय, किती फ्लॅट बुक झाले, कोर्टकेस आहे का, सगळं तिथे दिसतं, फुकट. हे वाचताना कंटाळा आला तर हा धंदा तुझा नाही, नुसत्या बोलण्यावर फार दिवस निघत नाहीत. कंटाळा नाही आला तर खुशाल फी भर, पण सहा महिन्यांचं पेट्रोल अन् घरखर्च बाजूला ठेवून. पहिली दलाली हातात यायला वेळ लागतो, बिल्डर आज-उद्या करतात.

आणि भासऱ्यांनी आजवर विकलेल्या प्लॉटांपैकी एकाचं आरएल पत्र बघायला माग. दाखवलं तर मला जरूर कळव.