देव असेल तर निष्पापांच्या वाट्याला दुःख का?

"देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर तान्ह्या मुलांना कॅन्सर का होतो?" असं तुम्ही विचारलंय. या एका प्रश्नात दोन वेगळे युक्तिवाद असतात. त्यांची गल्लत झाली की वाद गोल गोल फिरतो.

पहिला विसंगतीचा. देव सर्वशक्तिमान आहे, पूर्ण चांगला आहे आणि तरी जगात अनिष्ट आहे, ही तिन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, असं तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली मांडलं. यावर आस्तिक तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगांचं उत्तर असं: माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं आणि तो कधीच चुकणार नाही अशी तजवीजही करायची, हे सर्वशक्तिमानालाही कदाचित शक्य नसेल. विसंगतीचा दावा मोडायला एवढं 'कदाचित' पुरतं, म्हणून हा युक्तिवाद आज बराच मागे पडलाय. मग माणसाच्या चुकीने न होणाऱ्या भूकंपाचं काय, तर तो अदृश्य दुष्ट शक्तींच्या स्वेच्छेचा परिणाम असू शकेल, असं प्लँटिंगा म्हणतात. शक्यतेपुरतं चालतं, पटत मात्र नाही.

खरी अडचण दुसऱ्या युक्तिवादाची, संभाव्यतेची: इतकं निरर्थक दुःख पाहता असा देव असण्याची शक्यता कमी वाटते. तत्त्वज्ञ विल्यम रो यांचं १९७९ मधलं उदाहरण घ्या: वणव्यात होरपळलेलं हरणाचं पाडस कित्येक दिवस तडफडून मरतं, कुणाच्या नजरेसही पडत नाही. इथे ना कुणाचं स्वातंत्र्य जपलं जातं, ना कुणी काही शिकतं. "देवाचं कारण आपल्याला कळणार नाही" हे उत्तर आस्तिक इथे हमखास देतात, पण ते महागात पडतं. आपल्याला न कळणारं कारण कुठेही असू शकत असेल, तर बुडणाऱ्याला वाचवावं की नाही हेही ठरवता येत नाही, आणि देवाच्या वचनावर तरी कशाच्या बळावर विसंबायचं?

कर्मसिद्धान्ताची वाट वेगळी. देवावर पक्षपात आणि निर्दयपणा यांचा आरोप वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, ब्रह्मसूत्रातच (२.१.३४) येतो. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य पावसाचा दृष्टान्त देतात: पाऊस सगळ्यांना सारखाच, पीक ज्याच्या-त्याच्या बियाण्याप्रमाणे. जीव योनी बदलत असल्याने यात पाडसही बसतं. पण मग देव कर्माच्या हिशेबाला बांधला जातो, म्हणजे सर्वशक्तिमत्त्वाला कात्री लागतेच. पहिली विषमता आली कुठून, यावर पुढचंच सूत्र 'संसार अनादि आहे' असं सांगतं. साखळीतली प्रत्येक कडी मागच्या कडीने समजते. साखळी मुळात आहेच का, हे तरीही विचारता येतं.