विचारा बिनधास्त : बॅडमिंटन कोर्टवर तिघी वाट पाहत असल्या की लॅबमधून पाय निघतो

प्रश्न : ताई, मी केमिस्ट्रीत पीएचडी करून राहिली आहे, चौथं वर्ष लागलं. नागपुरात मानेवाड्याहून अमरावती रोडला रोज अ‍ॅक्टिव्हानं येणंजाणं, सकाळी अकराला लॅबमध्ये शिरली की निघायला रात्रीचे नऊ, रविवारीपण बरेचदा जाते कारण काहीतरी लावलेलं असतंच. कॉलेजात मी बॅडमिंटन खेळायची, चांगली खेळायची. 2017 ला मानकापूरला नॅशनल्स झाल्या तेव्हा सायना-सिंधूची फायनल आम्ही मैत्रिणींनी घसा बसेपर्यंत ओरडून पाहिली होती. आता रॅकेट माळ्यावर आहे, ग्रिप पार चिकट झाली असेल. वजन वाढलं, मान दुखते, मैत्रिणींच्या ग्रुपवर मी फक्त हार्ट टाकते. मागच्या महिन्यात मावसबहिणीच्या हळदीलापण नाही गेली आणि खरं सांगू का, त्या दिवशी लॅबमध्ये काही फार काम झालं असंही नाही. गाईड तोंडानं काही म्हणत नाहीत पण सहाला बॅग उचलली की घड्याळाकडे पाहतात. आई म्हणते एकदाची पीएचडी होऊ दे, मग काय ते कर. बरोबर आहे का तिचं? (संशोधक, मानेवाडा)

उत्तर : आईला माझा नमस्कार सांग पण या एका बाबतीत तिचं ऐकू नको. "एकदाची होऊ दे" ही काही तारीख नाही नं. यूजीसीच्या 2022 च्या नियमात कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, मग री-रजिस्ट्रेशन करून आणखी दोन, आणि बायकांना वरून दोन, म्हणजे कागदावर दहा वर्षं होतात. तेवढ्यात त्या मावसबहिणीचं पोरगं शाळेत जायला लागेल. आता तू म्हणशील की फेलोशिप जेआरएफ-एसआरएफ (ज्युनियर आणि सीनियर) धरून पाचच वर्षं असते, त्यानंतर खिसा रिकामा, म्हणून तर घाई आहे. ते मान्य. तुझी घाई खोटी नाहीच, पण घाई आहे म्हणून दहा तास लॅबमध्ये बसणं आणि काम पुढे सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे तू स्वतःच लिहिलंस, हळदीच्या दिवशीचं ते वाक्य वापस वाच.

मला वाटतं तुझी अडचण वेळेची कमी आणि संध्याकाळ नसण्याची जास्त आहे. शाळेत घंटा होते, दुकानाचं शटर पडतं, पीएचडीत कुणी शटर पाडत नाही, मग चार तासांचं काम आरामात दहा तासांत पसरतं, मध्ये चहा, मध्ये मोबाईल, मध्ये सीनियरचं रडगाणं. आणि टपरीवरचा चहा म्हणजे सोशल लाइफ असं समजू नको, तिथे पुन्हा गाईड, पेपर आणि कुणाचा स्टायपेंड किती महिने अडकला हेच चालतं (आणि शेजारी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं, त्यापासून चार हात दूर राहिलेलं बरं).

म्हणून मी तुला रोज पहाटे उठून फुटाळा तलावावर चक्कर मार असं सांगणार नाही. ते सगळेच सांगतात, सगळेच तीन दिवस करतात. तू नाही गेलीस तर फुटाळा काही फोन करून विचारत नाही की बाई आज का नाही आली. डबल्सचं तसं नाही. चौघी लागतात, तू नाही गेलीस तर तिघी रॅकेट घेऊन बसून राहतात, कोर्टाचे पैसे गेलेले असतात आणि त्या दुसऱ्या दिवशी तुला सोडत नाहीत. मला तर वाटतं पीएचडीवाल्यांना विलपॉवरपेक्षा या अशा शिव्यांचीच जास्त गरज असते. तेव्हा घराजवळ किंवा रस्त्यात पडेल असं कोर्ट पाहा, आठवड्यातले दोन दिवस ठरव, समजा मंगळवार-शुक्रवार साडेसहा, आणि पैसे महिन्याचे एकदम भरून टाक. जुन्या टीममधल्या दोघी तरी नागपुरातच असतील. हार्ट टाकणं बंद कर आणि ग्रुपवर सरळ लिही, "डबल्सला तिघी पाहिजेत, मंगळवार-शुक्रवार, कोण येतं?" यात एकाच तासात व्यायाम आणि मैत्रिणी दोन्ही होतात, वेगवेगळं जमवायला तुझ्याकडे खरंच वेळ नाही.

पण लॅबमध्ये लावलेली रिअ‍ॅक्शन? हा तुझा पुढचा प्रश्न येणार म्हणून आधीच सांगते, माझ्या घरात एक केमिस्ट्रीवाला आहे, त्याच्याकडून ऐकून ऐकून मलापण अर्धं येतं. कॉलम (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची सिलिका भरलेली नळी) लावला असेल तर सोडून जाता येत नाही, सिलिका कोरडी पडली, त्यात भेगा गेल्या की सगळी मेहनत पाण्यात, टेस्ट ट्यूबमध्ये फ्रॅक्शन गोळा करत उभंच राहावं लागतं, कबूल. मग मंगळवार-शुक्रवारी दुपारनंतर कॉलम लावूच नको. कॉलम सोमवारी, गुरुवारी सकाळी. खेळाच्या दिवशी साध्या तापमानाला नुसती स्टर होणारी रिअ‍ॅक्शन लाव, सहाला टीएलसी मार (रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते दाखवणारी छोटी चाचणी), स्पॉट पाहा, वहीत लिही आणि नीघ, ती ढवळत राहील, तिला तुझी सोबत नको. फक्त रिफ्लक्स, म्हणजे उकळत ठेवायची रिअ‍ॅक्शन, लावून मात्र पळू नको, कंडेन्सरचा पाण्याचा पाइप निसटला की खालच्या मजल्यापर्यंत पाणी जातं आणि मग नाव निघतं ते "ती बॅडमिंटनला गेली होती" असंच निघतं. चंदीगडला एनएमआर तपासणीला पाठवलेल्या सॅम्पलचं तर बोलायलाच नको, तू लॅबमध्ये बसलीस म्हणून स्पेक्ट्रम काही लवकर येत नाही.

राहिले गाईड. घड्याळाकडे पाहणाऱ्या माणसाला उत्तर देऊ नये, आधीच सांगून ठेवावं. सोमवारी जा आणि म्हण, सर, मंगळवार-शुक्रवार मी सव्वासहाला निघणार, या आठवड्यात हे तीन कॉलम आणि हा एक ड्राफ्ट देते. परवानगी मागायची नाही, वेळापत्रक सांगायचं, आणि शनिवारी कबूल केलेलं त्यांच्या टेबलवर ठेवायचं. दोन-चार आठवडे हे झालं की बहुतेक गाईड घड्याळ पाहणं सोडतात, त्यांनाही शेवटी पेपरच पाहिजे असतो. नाही सोडलं तर दर सेमिस्टरला रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटीपुढे तुझं प्रेझेंटेशन होतंच, तिथे काम दिसलं की तास कुणी मोजत नाही. आणि यूजीसीच्या जेआरएफ-एसआरएफला सार्वजनिक सुट्ट्या सोडून वर्षाला तीस दिवसांपर्यंत रजा घेता येते, हे अनेक मुलींना माहीतच नसतं किंवा माहीत असून मागायची लाज वाटते. पुढची हळद त्या तीसमधून.

आकडे पाहिजेच असतील तर डब्ल्यूएचओच्या 2020 च्या गाइडलाइनप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा, आणि दोन दिवस स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. दोन दिवस तासभर डबल्स आणि थोडं चालणं, झालं की. ताकदीचं म्हणशील तर घरी स्क्वॉट आणि भिंतीला हात लावून पुशअप, जिमची फी नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की पत्र्याच्या हॉलमध्ये संध्याकाळी खेळू नको, भट्टी असते ती, तेवढे दोन महिने चौघींनी सकाळी सहाचा स्लॉट घ्यावा. चार वर्षांनी उतरते आहेस तर पहिले काही दिवस स्मॅशचा मोह आवर, खांदा गेला तर पिपेटसुद्धा धरता येणार नाही.

एक गंभीर गोष्ट. मान दुखणं एक, पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल तर ते बॅडमिंटननं जाईल असं धरून बसू नको. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतपण बोलता येतं. त्यासाठी "फार वाईट" व्हायची वाट पाहायची नसते.

प्रश्न : माझा मुलगा नागपुरात हॉस्टेलला राहून पीएचडी करतो, आम्ही हिंगणघाटला. फोन केला की दोन मिनिटांत "बाबा, ठेवतो" म्हणतो. पोळ्याला आला नाही, दिवाळीत दोन दिवस. रागावला आहे की काय समजत नाही. (एक वडील)

उत्तर : काका, खरं सांगा, त्या दोन मिनिटांत तुम्ही "थिसिस कुठवर आला" विचारता नं? तो प्रश्न मुलाला रोज चारजण विचारतात आणि त्यालाही उत्तर माहीत नसतं, म्हणून फोन ठेवतो. एक महिना विचारू नका. शेतातलं सांगा, कापसाला काय भाव मिळाला ते सांगा, गावात कुणाचं भांडण झालं ते तर नक्की सांगा. आणि तो येत नसेल तर तुम्ही या, हिंगणघाट काही लांब नाही. सकाळच्या गाडीनं या, त्याला हॉस्टेलमधून बाहेर काढा, तर्री पोहे खा दोघं, अंबाझरी तलावावर चालत एक चक्कर मारा आणि दुपारच्या गाडीनं वापस. मुक्काम नको, उपदेश नको. पुढच्या महिन्यात पुन्हा. येताना डबा मात्र दोघांचा आणा, रूममेटचापण, म्हणजे पुढच्या वेळी तोच आठवण करून देईल की तुझे बाबा कधी येऊन राहिले.

प्रश्न : मी ज्युनियर कॉलेजला शिकवते, दोन मुलं, अर्थशास्त्रात पार्टटाइम पीएचडी. चालायला जायला सांगू नका, वेळ नाही. (उमरेड रोड)

उत्तर : नाही सांगत, पण चालताना थिसिस लिहायला सांगते. मुलांना ग्राउंडवर सोडता नं, तिथे बाकड्यावर बसून मोबाईल पाहण्याऐवजी ग्राउंडच्या कडेनं फेऱ्या मारा आणि उद्या जो चॅप्टर लिहायचा तो फोनच्या रेकॉर्डरला बोलून सांगा, मराठीत, जसं बारावीच्या वर्गाला समजावता तसं. फोनवर मराठी बोलून टाइप होतं, निम्मा कच्चा ड्राफ्ट तिथेच तयार. पार्टटाइमवाली आणखी एखादी मैत्रीण त्याच ग्राउंडवर येत असेल तर तिला ऐकवा, ती "हे काही समजलं नाही" म्हणेल तिथे वाक्य बदला. लोक पाहतील थोडे दिवस, बाई एकटीच बोलून राहिली म्हणून. पाहू द्या.