एकट्या माणसानं काही केल्यानं पर्यावरणाला खरंच फरक पडतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पुण्यात फ्लॅटवर राहता, कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्यामुळं किती कार्बन डायऑक्साइडसारखा वायू हवेत जातो, ते मोजायचं ॲप घेतलंय, आकडा बघून अपराधी वाटतं, तर सुरुवात कुठून करावी. मी इथं नुसती वाचत असते, लिहीत नाही. पण ॲप म्हटल्यावर गेल्या गणपतीतलं जेवण आठवलं आणि हात शिवशिवायला लागले.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. येळ्ळूर रोडच्या शिवारात दोन एकर भाताची जमीन आहे, पूर्वी चार होती. ती दोन कशी झाली हे पुढं येईलच. दिरांचा मुलगा बंगळूरला नोकरीला आहे, गणपतीला एकटाच गाडी घेऊन आला होता. जेवताना मोबाईल काढून म्हणाला, "काकू, तुझा फूटप्रिंट काढूया." मी म्हटलं काढ बाबा. घरात एसी किती, विमानप्रवास किती, मटण आठवड्यातून किती वेळा. मग पाणी कुठून येतं? पर्याय होते नळ, टँकर, बाटली. मी म्हटलं विहीर. तो म्हणाला, "काकू, विहीर नाही यात. नळ टाकतो."

पुढचं ऐका. भात रोज खाता का, या प्रश्नाला हो टाकल्यावर मला सांगतो, "भात लई वाईट बघ काकू. मिथेन सुटतो." आणि हे तो आमच्याच शिवारातल्या बासमतीचा तिसरा वाढा तुपाबरोबर कालवत सांगत होता. बेळगाव बासमती म्हणजे बाजारातला लांब दाण्याचा नव्हे. आमचा दाणा लहान, पण शिजायला लागला की वास पार गल्लीत जातो. नंतर न्हाणीघरात बंब बघून आला. "अजून नारळाची सोडणं जाळूलालीस काकू? धूर बघ किती." मी गप्प बसले. गणपती घरात असताना भांडायचं नाही, असं सासूबाईंनी घालून दिलंय.

रात्री मात्र वही काढली. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या हिशेबात आहे, म्हणून देते.

एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बंगळूर ते बेळगाव 500 किलोमीटर धरा, गाडी लिटरला 15 देते असं धरा, म्हणजे 33 लिटर. जाऊन येऊन दीडशे किलो. आमचा गॅस सिलिंडर 14.2 किलोचा, तो पूर्ण जळला की 42-43 किलो होतात. म्हणजे पोराची एक गणपतीची फेरी म्हणजे साडेतीन सिलिंडर. आमच्याकडं एक सिलिंडर दोन महिने जातो. सात महिन्यांचा स्वयंपाक तो एकटा बसून गाडीतून जाळून आला आणि माझ्या बंबाकडं बोट दाखवून गेला. बंगळूरहून रात्रीची रेल्वे आहे, बसा तर ढिगानं आहेत.

तेव्हा सुरुवात कुठून, तर विमान, एकट्यानं चालवलेली गाडी, एसी, या क्रमानं. कापडी पिशवी वगैरे नंतर. आणि अपराधी वाटून घेणं सोडा. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड पडतो, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. कार्बन फूटप्रिंट हा शब्द घराघरात पोचवण्यात मोठा हात ब्रिटिश पेट्रोलियमच्या जाहिरातींचा. 2004 साली लोकांनी आपापला आकडा मोजावा म्हणून त्यांनीच कॅल्क्युलेटर काढून दिला. तेल विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाच्या हातात वही दिली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता विहीर. खरं तर मला तेच सांगायचंय.

आमच्या परसातला आड सासऱ्यांच्या आज्यानं खणलेला. आठ फूट रुंद, चाळीस फूट खोल, वरून पाऊण भाग दगडानं बांधलेला. बेळगावात असे आड गल्लोगल्ली होते. टिळकवाडीत 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर तर आजही लोक बघायला जातात. गांधीजी अध्यक्ष होते ते एकमेव अधिवेशन ते, आणि एवढ्या माणसांना पाणी पाजायचं म्हणून आधी विहीर खोदली. मग घरोघरी नळ आले आणि आडात निर्माल्य पडायला लागलं.

2008 साली घराचा पुढचा भाग पाडून बांधला. मी तेव्हा माहेरी, खानापूर तालुक्यात, वडिलांच्या दिवसांना गेले होते. तेरावं करून परत आले तर परसात रहाट नाही. भावजींनी जुन्या भिंतीचा राडारोडा आडात ओतला होता, निम्म्याच्या वर. कारण काय, तर ट्रॅक्टरचं भाडं वाचलं आणि पुढंमागं तिथं गाडी लावता येईल. "वहिनी, नळ आहे की दारात. डास होतात त्यात. जग कुठं चाललंय." मी दोन दिवस जेवले नाही. यांनी भावाला शब्दानं विचारलं नाही, ते वेगळं. पुढं वाटणी झाली, भावजींनी शिवारातली त्यांची दोन एकर प्लॉटवाल्याला दिली आणि बंगळूरला मुलाजवळ राहायला गेले. घर आणि बुजका आड आमच्याकडं.

2016 चा उन्हाळा बेळगावकरांना विचारा. शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाचं पाणी तळाला गेलं होतं, आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी असायच्या. एका रात्री रांगेतून दोन घागरी घेऊन आले, परसात ठेवल्या आणि त्या बुजक्या आडाच्या कठड्यावर बसून राहिले. सकाळी वडाराला बोलावलं. भिशी माझी त्याच महिन्यात लागली होती.

नऊ दिवस काम चाललं. पहिले पाच दिवस नुसत्या विटा, कौलं, मातीचे ढेपळे. मग गाळ. काळा, डांबरासारखा, वास असा की शेजारणीनं खिडक्या लावून घेतल्या. गाळातून काय निघालं सांगू? चार कळश्या, थर्माकोलचं मखर, एका गणपतीचा प्लास्टरचा हात, तो जसाच्या तसा, रंगासकट. आणि लोखंडी गळ. आडात पडलेली बादली काढायचा गळ असतो ना, तोच आत पडलेला. सासूबाई तेव्हा हयात होत्या. गळ हातात घेऊन म्हणाल्या, "हा तुझ्या मामंजींनी पाडला होता आणि मला सांगितलं चोरीला गेला."

सातव्या दिवशी दुपारी वडारानं खालून हाक मारली. वाकून बघितलं तर पूर्वेच्या बाजूला दोन दगडांच्या सांध्यातून करंगळीएवढी धार. मे महिना होता.

आता कार्बनच्या वहीत या विहिरीची किंमत किती, तेही त्या रात्री मांडलं. शहराला राकसकोपचं आणि हिडकलचं पाणी येतं. हिडकलचं भरल्या धरणाचं पाणी 2175 फुटांवर आणि बेळगाव 2500 फुटांच्या आसपास, म्हणजे आमच्या घागरीत पडणारं पाणी तीनशे फूट वर चढवून आणलेलं असतं. (ते पाणी चंदगडच्या डोंगरातून घटप्रभा, ताम्रपर्णीतून येतं. बिल कन्नडमध्ये येतं. असो.) एक हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला पंपाची आणि पाइपाची घट धरून 0.4 युनिटच्या आसपास वीज लागते. आम्ही विहिरीचं रोज चारशे लिटर वापरतो. वर्षाला साठेक युनिट, युनिटला सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर चाळीस किलो. म्हणजे एक सिलिंडर! आमच्या अर्ध्या एचपीच्या मोटरला लागतं ते वजा केलं तर तेवढाही नाही. भिशी गेली, नऊ दिवस वडाराला जेवण घातलं, शेजारीण महिनाभर बोलत नव्हती, आणि हाती काय, तर वर्षाला एक सिलिंडर. पोराच्या ॲपमध्ये विहिरीला जागा नव्हती ते बरोबरच म्हणायचं.

पण नळ असताना मला ठाऊक नव्हतं की पाणी कमी होतंय म्हणजे काय होतंय. नळाला येतं किंवा येत नाही, एवढंच. आता दोरी सोडली की पाणी किती हात खाली आहे ते कळतं. श्रावणात चार हात, दिवाळीला सात, शिमग्याला सोळा. पंधराच्या खाली गेलं की मी अंगण धुवायचं बंद करते, कुणी सांगावं लागत नाही. धाकटी शाळेतून आली की आधी आडात डोकावते. समोरच्यांनी पूर्ण अंगणाला पेव्हर घातले त्या वर्षी आमचं पाणी दोन हात खाली गेलं. ते म्हणतात संबंध नाही, मी म्हणते आहे, दोघांकडंही पुरावा नाही. मी मात्र आमच्या अंगणातली निम्मी फरशी उखडून टाकली. छपराची पन्हाळ गाळणीतून आडात सोडली. बेळगावात वर्षाला 1200-1300 मिलिमीटर पाऊस पडतो, हजार चौरस फुटांच्या छपरावर लाखभर लिटर होतं ते. एवढं पाणी पूर्वी आम्ही गटारात सोडत होतो आणि मेमध्ये टँकरपुढं उभे राहत होतो.

आणि ते गटार कुठं जातं? बळ्ळारी नाल्याला. नाला आमच्याच शिवारातून जातो, पुढं मार्कंडेयला मिळतो, मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला. दर पावसाळ्यात नाला जलपर्णीनं आणि गावाच्या कचऱ्यानं तुंबतो आणि लावलेलं भात आठ-आठ दिवस पाण्याखाली कुजतं. 2019 च्या ऑगस्टात आमची दोन्ही एकरं गेली. पाणी ओसरल्यावर बांधावर काय राहिलं होतं? दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, डायपर. त्यातली एक दुधाची पिशवी आमच्याच डेअरीची, आमच्याच गल्लीतल्या दुकानाच्या रबरासकट. त्या दिवसापासून आमच्या घरातली पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्याकडं जाते.

म्हणून म्हणते, पुण्यात राहता तर आधी एवढं शोधा की तुमच्या नळाचं पाणी कुठल्या धरणातून येतं आणि तुमच्या संडासाचं कुठल्या नदीत जातं. सोसायटीच्या वॉचमनला बोअर किती फुटांवर लागली विचारा, त्याला ठाऊक असतं. आकडा नंतर बघू.

काही गोष्टी पोराच्या बाजूनंही लिहायला पाहिजेत. भाताच्या खाचरात पाणी साचलं की मिथेन सुटतो हे खरं आहे, आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा किती तरी पट तापवतो. मधूनमधून पाणी काढून रान सुकू दिलं तर कमी होतो, असं शेतीखात्याचे लोक सांगतात. आमच्या शिवारात पाणी काढायचं म्हटलं तर जाणार त्या तुंबलेल्या नाल्यातच, पण तरी. मात्र त्याच रानात भात निघाल्यावर नुसत्या ओलीवर मसूर, वाटाणा येतो, एक थेंब पाणी न देता, हे त्या ॲपमध्ये कुठं टाकायचं? आणि आजोबांच्या दोन एकरांवर आता जे बंगले उभे आहेत त्यांतून मिथेन येत नाही, हेही कबूल.

बंबाचा धूर छातीला वाईट, तेही खरं. सोलर बसवलाय, पण जून ते सप्टेंबर बेळगावात सूर्य असतो कुठं? त्या चार महिन्यांत सोडणंच.

विजेचा हिशेब मी सगळं पाणी हिडकलचं धरून केलाय. राकसकोप जवळ आहे आणि उंचावर आहे, ते पाणी मिसळून येतं, तेव्हा आकडा आणखी कमी भरेल. आणि हे वाचून कुणी जुना आड उपसायला घेतलाच तर पाणी आधी तपासून घ्या. शहरात शेजारच्या संडासाच्या टाक्या पाझरतात. आम्ही प्यायला नळाचंच घेतो, आडाचं धुण्याभांड्याला, न्हाणीला, झाडांना. गाळ काढायला उतरायच्या आधी आत हवा आहे का ते बघा, पेटता दिवा सोडून विझतोय का बघण्यावर भागवू नका, जाणत्या माणसाशिवाय कुणाला उतरवू नका.

पोरगा जायच्या दिवशी सकाळी आडावर आला होता. दोरी सोडून बघितली, चार हात भरली. "काकू, हे फोटोत घेऊन पप्पांना पाठवू?" म्हणाला. मी म्हटलं पाठव.

भावजी, फोटो बघितलात हे निळ्या खुणांवरून कळलं. उत्तर आलं नाही. वडाराचे, ट्रॅक्टरचे आणि गाळ टाकायचे मिळून अडतीस हजार झाले होते, राडारोडा तुमचा होता, निम्मे अजून यायचेत.