आय७चा लॅपटॉप आय५च्या डेस्कटॉपपेक्षा वेगवान असतोच का?

तुम्ही लिहिलंय की देवगडात लग्नाच्या व्हिडिओंचं काम सुरू करताय, आणि दुकानदार म्हणतो आय७-१२५५यूचा लॅपटॉप घ्या, आय५-१२४००च्या डेस्कटॉपपेक्षा तो केव्हाही वरचढ. पैसे जवळपास तेवढेच. खरं का?

नाही. तुमच्या कामाला तरी नाही. मी गुहागरकडे हाच धंदा करतो आणि हीच चूक एकदा करून बसलोय, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

दुकानदार खोटं बोलत नाहीये, खोक्यावरचं वाचून दाखवतोय. लॅपटॉपचा प्रोसेसर १० कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ. डेस्कटॉपचा ६ कोरचा, ४.४. कुणीही पहिलाच उचलेल. पण त्या दहांतले दोनच कोर मोठे, बाकीचे आठ छोटे, कमी विजेत भागवणारे. आंब्याच्या पेट्या ट्रकात चढवायला दोन दांडगे गडी आणि आठ शाळकरी पोरं आणलीत तर डोकी दहा भरतात खरी. डेस्कटॉपवाल्याकडे सहाच आहेत, पण सहाही गडी.

त्याहून मोठी भानगड वॅटची. १२५५यू हा मुळात १५ वॅटचा प्रोसेसर, जोर लावला तर थोडा वेळ ५५पर्यंत जातो. १२४०० हा ६५चा, जोरात ११७. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. त्यामुळे वरचा जरासा वेगही भलता महाग पडतो. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती बाहेर टाकायला डेस्कटॉपमध्ये जाडजूड हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि त्यावर चांगला मोठा पंखा असतो. लॅपटॉपमध्ये चपटी तांब्याची नळी आणि पापडासारखा पातळ पंखा. तापमान चढलं की लॅपटॉप आपणहून वेग उतरवतो. ४.७ हा आकडा खरा आहे, पण एखाद्या कोरवर आणि घटकाभर.

माझा पहिला लॅपटॉप असाच ‘यू’वाला, म्हणजे नावाच्या शेवटी यू असलेल्या कमी विजेच्या प्रोसेसरचा होता. मे महिना, दुपारची वेळ, अंगाला कपडे चिकटतायत, आणि दीड तासाचं लग्न एक्सपोर्टला (पक्की व्हिडिओ फाईल बनवायला) लावलं. टास्क मॅनेजरमध्ये वेग चारच्या आसपास दिसत होता. म्हटलं, चहा होईस्तोवर आटपेल. पाच मिनिटांत आकडा दोनच्या खाली आला तो तिथेच बसला. मागच्या बाजूखाली दोन करवंट्या पालथ्या घातल्या, टेबलफॅन लावला. बायको म्हणाली, आता त्याला कोकम सरबतही द्या. करवंट्यांनी थोडा फरक पडला, हसण्यावारी नेऊ नका. खालून हवा खेचायला जागा मिळते. पण १५ वॅटच्या यंत्राचं ६५ वॅटचं यंत्र काही झालं नाही.

प्रोसेसर तोच ठेवून नुसतं थंड करणं बदललं तर काय होतं, हे ॲपलच्या एम१ प्रोसेसरमध्ये स्वच्छ दिसतं. नोव्हेंबर २०२०मध्ये तो मॅकबुक एअरमध्येही आला आणि मॅक मिनीमध्येही. एअर या लॅपटॉपला पंखाच नाही, मिनी या छोट्या डेस्कटॉपला आहे. छोट्या कामात दोघं बरोबरीने चालतात, सलग लांबचं काम दिलं की एअर मागे राहतो.

आता लॅपटॉपची बाजू. टॅली, वर्ड, ब्राउझर, फोटोशॉपमधली किरकोळ कामं यांत एकदोन कोरच राबतात, तेही क्षणभर. तिथे तुम्हाला फरक जाणवणारही नाही. साध्या कापाकापीच्या व्हिडिओतही शेवटचं एन्कोडिंग (व्हिडिओ दाबून फाईलमध्ये बसवणं) दोन्हीकडे इंटेलचं क्विक सिंक, म्हणजे प्रोसेसरच्या ग्राफिक्समधली व्हिडिओसाठीची खास सोय, उचलतं, म्हणून तफावत कमी दिसते. इफेक्ट चढवले, अंधारातल्या वरातीच्या चित्रातला नॉइज (दाणेदारपणा) काढायला घेतला, की यूवाल्याचा कस निघतो.

आणि नाव सारखं म्हणून सगळे लॅपटॉप सारखे नसतात, शेवटचं अक्षर बघा. आय७-१२७००एच हा ४५ वॅटचा, त्यात सहा मोठे कोर आणि आठ छोटे. नीट थंड ठेवला तर तो १२४००च्या पुढे जातो. पण तो या पैशांत येत नाही, शिवाय बॅटरीवर चालवलात की त्याचाही जोर उतरतो.

विजेचं मात्र तुम्हाला सांगायला नको. पावसात तारेवर फांदी पडली की दिवस दिवस पत्ता नसतो. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, आणि तो काम करायला नव्हे, फाईल सेव्ह करून बंद करायला. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याचा खटका ‘यूपीएस’ मोडवर आहे ना ते बघा, नाहीतर वीज गेली की मशीन रीस्टार्ट होईल. खारी हवा आणि लाल माती दोन्ही यंत्रांना खातात. पण डेस्कटॉपची बाजू दोन-चार स्क्रू काढून उघडते आणि ब्लोअर मारता येतो, लॅपटॉपला प्रत्येक वेळी कारागीर.

मी तुमच्या जागी असतो तर १२४०० घेतला असता. त्याच्या सॉकेटमध्ये पुढे १३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसरही बसतो. बोर्डाला त्यासाठी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट लागेल, एवढंच. लॅपटॉपचा बोर्डावर डाख लावूनच येतो. फक्त १२४००एफ कुणी गळ्यात मारत नाही ना ते बघा, त्यात ग्राफिक्स नसतं आणि तुमचं क्विक सिंकही जातं.

तरीही लॅपटॉपच हवा असेल तर दुकानातच सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) चालवायला सांगा. त्याची नेहमीची चाचणी १० मिनिटं सलग चालते. पहिल्या मिनिटाला वेग किती होता आणि दहाव्याला किती उरला, तेवढं बघा. दुकानदार कुरकुर करेल. करू द्या.