वाचकांचे प्रश्न : मिरर केलेल्या दोन डिस्क पुन्हा वेगळ्या करताना

प्रश्न : आमचा लग्नसमारंभांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आहे. कार्यालयातील संगणकात (विंडोज १० प्रो) ४ टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क असून, संगणक बसवून देणाऱ्याने त्या विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून (डिस्क हाताळण्याच्या सोयीतून) मिरर करून दिल्या आहेत, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा एकाच वेळी लिहिला जातो. विंडोज तिसऱ्याच, लहान डिस्कवर आहे. मिरर केलेला ‘ई’ ड्राइव्ह आता भरत आला आहे. डेटा न गमावता दोन्ही डिस्क स्वतंत्र कशा कराव्यात? एक डिस्क सरळ काढून घेतली तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : डिस्क सरळ काढून घेऊ नये. तसे केल्यास डेटा लगेच जाणार नाही, परंतु उरलेल्या डिस्कवर ‘फेल्ड रिडंडन्सी’ (दुसरी प्रत उरली नाही) अशी सूचना कायम राहील आणि काढलेली डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यास तेथे ती ‘फॉरेन’, म्हणजे परक्या संगणकाची, म्हणून दिसेल. मिरर विंडोजने तयार केला आहे, म्हणून तो विंडोजकडूनच सोडवून घ्यावा.

त्याआधी सर्व डेटाची प्रत एखाद्या बाह्य डिस्कवर घ्यावी, आणि ही पायरी टाळता येण्याजोगी नाही. ‘दोन डिस्कवर तोच डेटा आहे, मग तिसरी प्रत कशाला?’ असे अनेकांना वाटते. पण मिरर हा बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेला फोल्डर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी नाहीसा होतो. शिवाय पुढील कृतीत काही काळ डेटाची एकच प्रत संगणकात उरणार आहे. साधारण ४ टेराबाइट डेटा यूएसबी ३ जोडणीवरून उतरवण्यास नऊ-दहा तास सहज लागतात, तेव्हा हे काम रात्रभर चालू ठेवावे.

आता डिस्क मॅनेजमेंट उघडावे. दोन्ही डिस्कसमोर ‘डायनॅमिक’ (मिररसारख्या सोयींसाठीची विंडोजची डिस्क-रचना) असे लिहिलेले असेल आणि ‘ई’चा पट्टा विटकरी रंगाचा दिसेल. स्थिती ‘हेल्दी’ असेल तरच पुढे जावे. ‘रीसिंकिंग’ (दोन्ही प्रती पुन्हा जुळवणे चालू) दिसत असल्यास ते पूर्ण होईपर्यंत थांबावे, कारण त्या वेळी एका डिस्कवरील प्रत अपुरी असते. पट्ट्यावर उजवी क्लिक केल्यावर जवळजवळ सारखे वाटणारे दोन पर्याय दिसतात आणि घोटाळा होतो तो येथेच. ‘रिमूव्ह मिरर’ निवडल्यास, तुम्ही सांगाल त्या डिस्कवरील प्रत काढून टाकली जाते आणि ती जागा ‘अनअलोकेटेड’, म्हणजे मोकळी, होते. ‘ब्रेक मिरर्ड व्हॉल्यूम’ निवडल्यास मात्र दोन्ही प्रती जशाच्या तशा राहतात, एकीचे ‘ई’ हे अक्षर टिकते आणि दुसरीला नवे अक्षर मिळते. तुम्ही दुसरा पर्याय निवडावा. त्यानंतर दोन्ही ड्राइव्हमधील काही मोठ्या व्हिडिओ फाइली आणि जुनी छायाचित्रे उघडून पाहावीत. केवळ फोल्डरची नावे दिसली म्हणून समाधान मानू नये.

एवढ्यावर थांबले तरी दोन्ही डिस्क वेगवेगळ्या वापरता येतील, म्हणजे दुसऱ्या ड्राइव्हवरील जुनी प्रत पुसून नवे काम तेथे ठेवता येईल. परंतु त्या ‘डायनॅमिक’च राहतात, आणि ही पद्धत मायक्रोसॉफ्टने स्वतःच कालबाह्य ठरवली असल्यामुळे त्या ‘बेसिक’, म्हणजे नेहमीच्या साध्या रचनेच्या, करून घेणे मला अधिक योग्य वाटते. विंडोज हे बदल करते ते डिस्क पूर्ण रिकामी असल्यावरच. म्हणून नवे अक्षर मिळालेल्या डिस्कवरील व्हॉल्यूम (ड्राइव्ह म्हणून दिसणारा भाग) आधी काढून ती डिस्क बेसिक करावी, नवा व्हॉल्यूम तयार करून ‘ई’मधील सर्व डेटा तेथे उतरवावा, तपासावा आणि मगच ‘ई’ असलेल्या डिस्कवर तीच कृती करावी. डिस्क निवडताना अक्षर आणि डिस्क क्रमांक दोन्ही कागदावर लिहून ठेवलेले बरे. विभाजनाचा प्रकार विचारला गेल्यास ‘जीपीटी’ निवडावा, कारण ‘एमबीआर’मध्ये २ टेराबाइटच्या पुढची जागा वापरता येत नाही.

हे सारे फक्त डिस्क मॅनेजमेंटमधील मिररला लागू आहे. ज्या वाचकांचा मिरर मदरबोर्डच्या रेड सुविधेतून (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या सोयीतून) केलेला असेल, त्यांना ‘रीसेट टू नॉन-रेड’ म्हणताच डेटा जाईल असा इशारा मिळतो. तो पुष्कळदा अतिसावध असतो, तरी खराच मानून बाह्य प्रतीवरच भिस्त ठेवावी. विंडोजही त्याच डिस्कवर असल्यास बायोसमधील (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधील) ‘रेड’ बदलून ‘एएचसीआय’ ही डिस्क स्वतंत्र चालवण्याची पद्धत निवडल्यावर संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. स्टोरेज स्पेसेस (अनेक डिस्कचा एकच ‘पूल’, म्हणजे साठा, करणारी विंडोजची दुसरी सोय) वापरणाऱ्यांकडे तर मिरर तोडण्याचा पर्यायच नाही, कारण तेथील एकटी डिस्क साध्या ड्राइव्हप्रमाणे वाचता येत नाही. त्यांनी डेटा बाहेर काढावा, पूल मोडावा आणि तो परत उतरवावा.