सोमवारची मुदत आणि दोन लाख चाळीस हजार

प्रिय बाळा,

तुझा मेसेज आणि सोबतचं त्या सहा महिन्यांच्या डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या कोर्सचं ब्रोशर, दोन्ही नीट वाचलं. सोमवारी संध्याकाळपर्यंत टोकन भरलं नाही तर सीट जाईल असं तो काउन्सेलर म्हणतोय ना, ती सोमवारची मुदत आधी डोक्यातून काढ. ब्रोशरच्या शेवटच्या पानावर पुढच्या तीन बॅचच्या तारखा त्यांनीच छापल्यात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नोकरीची खोटी हमी द्यायची नाही आणि 'मोजक्याच जागा उरल्यात' म्हणून खोटी घाई करायला लावायची नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे सोमवार येऊन गेला तरी काही बिघडत नाही.

तू विचारलंस, 'मावशी, करू का?' माझं उत्तर आहे, आत्ता नको. आणि कर्ज काढून तर मुळीच नको. का ते सविस्तर लिहिते, कारण नुसत्या 'नको'वर गप्प बसणारी तू नाहीस, आणि बसूही नयेस.

आधी हिशेब मांडू. फी २,४०,००० रुपये. त्याखाली बारीक अक्षरात 'अधिक जीएसटी' लिहिलंय. १८ टक्क्यांनी ते ४३,२०० होतात. एकूण २,८३,२००, म्हणजे चोवीस महिने दरमहा ११,८०० चा हप्ता. पण खरी किंमत इथे संपत नाही. कोर्स फुलटाइम आहे म्हणून तू मालाडची नोकरी सोडणार. महिना २२,००० प्रमाणे सहा महिन्यांचे १,३२,००० बुडाले. ते धरून झाले ४,१५,२००. कोर्स संपल्यावर नोकरी मिळेपर्यंतचे महिने मी धरलेलेच नाहीत.

आता समज, सगळं सुरळीत झालं आणि चार लाखांचं पॅकेज मिळालं. चार लाख म्हणजे महिना तेहतीस हजार नव्हेत. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, 'व्हेरिएबल' असं बरंच काही सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला धरते त्या एकूण खर्चाच्या, पोटात असतं. हातात येतील साधारण २८,०००. त्यातून हप्ता गेला की उरले १६,२००. आज तुला त्याहून जास्त मिळतात. पहिले सहा हप्ते तर पगार नसतानाच जाणार, म्हणजे ते आई भरणार. हप्ते फिटल्यावरसुद्धा आजच्यापेक्षा महिन्याला सहाच हजार जास्त. त्या फरकातून ४,१५,२०० भरून यायला पावणेसहा वर्षं लागतात. पगार वाढतील हे मान्य, पण तुझा आत्ताचा पगारही काही गोठून राहणार नव्हता.

'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दांवर विसंबू नकोस. शून्य टक्के व्याज असा प्रकारच अस्तित्वात नसतो, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी किमतीत मुरवलेलं असतं. ते शोधायची सोपी युक्ती आहे. काउन्सेलरला विचार, 'एकरकमी भरले तर किती कमी कराल?' तो जो आकडा सांगेल, ते तुझं व्याज.

आणि हे कर्ज क्लास देत नाही, एक फायनान्स कंपनी देते. मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे. क्लासशी तुझा व्यवहार वेगळा, कर्जाचा करार वेगळा. उद्या शिकवणारा बदलला, तुला मध्येच सोडावं लागलं, अगदी क्लासच बंद पडला, तरी खात्यातून हप्ता कापला जायचा थांबत नाही. एक हप्ता चुकला की बाऊन्सचा दंड, आणि सिबिलवर डाग. तू नोकरी सोडणार म्हणून आईला सहकर्जदार करतील. म्हणजे तो डाग तिच्याही नावावर. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे कर्ज घेणाऱ्याला वार्षिक व्याजदर आणि सगळे आकार दाखवणारं तपशीलपत्रक मिळायलाच हवं. कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंडाशिवाय बाहेर पडायची सोयही हवी. ते पत्रक सहीच्या आधी मागून घे. 'सही झाली की ईमेलवर येईल' म्हणाले तर तिथूनच उठून ये.

ब्रोशरवर मोठ्या अक्षरात '९४ टक्के प्लेसमेंट' आहे. कोणाच्या ९४ टक्के, हे विचारलंस का? बहुतेक ठिकाणी हा हिशेब फक्त 'पात्र' विद्यार्थ्यांचा असतो. हजेरी पुरी, सगळ्या असाइनमेंट वेळेत, मॉक इंटरव्ह्यू पास, बेंगळुरूला जायची तयारी, पहिली ऑफर नाकारली नाही, असे गाळत गाळत जे उरले त्यांचा. मध्येच सोडून गेलेले यात कुठेच नसतात. अमेरिकेत लॅम्बडा स्कूल नावाचं मोठं बूटकॅम्प होतं, पुढे त्याने ब्लूमटेक नाव घेतलं. 'नोकरी लागल्यावर पैसे द्या' ही त्यांची मुख्य जाहिरात. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण यंत्रणेने एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्यावर कारवाई केली आणि कर्ज देण्यावर कायमची बंदी घातली. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के प्लेसमेंट सांगत होते. यंत्रणेच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या नोंदींत आकडा पन्नासच्या आसपास होता, काही वेळा तर तीसपर्यंत खाली. शिवाय ते पैसे 'कर्ज नाही' असं मुलांना सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते कर्जच होतं. तुझा क्लास तसा आहे असं मी म्हणत नाही. पण तुला फोनवर बोलायला ते जी दोन मुलं देतील, तेवढ्यावर थांबू नकोस. वर्षभरापूर्वीच्या बॅचची चार-पाच मुलं लिंक्डइनवर स्वतः शोध. त्यांना विचार, 'तुमच्याबरोबरच्या ज्यांना नोकरी लागली नाही, ते आता काय करतात?'

आता यापेक्षा महत्त्वाचं. आमच्याकडे एमआयएस, म्हणजे कंपनीचे रोजचे रिपोर्ट काढणारं खातं, आणि अ‍ॅनालिटिक्सला फ्रेशर घ्यायचे असले की रेझ्युमे चाळायचं काम माझ्याकडे येतं. मागच्या भरतीत एकाच क्लासच्या मुलांचे रेझ्युमे ओळीने आले. सगळ्यांचा प्रोजेक्ट एकच, टायटॅनिकवरच्या प्रवाशांपैकी कोण वाचलं असेल याचा अंदाज. सरावासाठी ती फाइल जगभर वापरतात, त्यात गैर काही नाही. ८९१ ओळींच्या त्या फाइलमध्ये १७७ जणांचं वय नोंदवलेलंच नाही. मी विचारलं, 'त्या रिकाम्या जागांचं काय केलंस?' 'सरासरी वय टाकलं.' 'सरासरीच का?' त्यापुढे कोणी सरकेना. एक जण म्हणाला, 'सरांनी तसं करून दाखवलं होतं.' मुलं मेहनती होती, बोलायला चटपटीत होती. मला खरंच वाईट वाटलं, कारण लाखांनी पैसे भरूनही 'का' हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

त्याच भरतीत कल्याणची एक बी.कॉम. झालेली मुलगी आली. सर्टिफिकेट एकही नाही. वडिलांचं किराणा दुकान. तिथली उधारीची वही तिने एक्सेलमध्ये उतरवली होती. मला ती फाइल दाखवताना म्हणाली, 'मॅडम, आधी सगळं चुकलं होतं. काही तारखांत दिवस आणि महिना उलटे पडले होते, ३ ऑगस्टची उधारी ८ मार्चला दिसत होती.' मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, 'मार्चमध्ये राख्यांची उधारी दिसली ना!' पॅनेलवर आम्ही तिघं होतो, तिघांनीही लगेच होकार दिला. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, एसक्यूएल, ती आमच्याकडे आल्यावर शिकली.

हे काम असं आहे, बाळा. टूल शिकायला महिने लागत नाहीत. समोरच्या आकड्यावर संशय घ्यायची सवय लागायला वेळ लागतो, आणि ती आपली आपण लावून घ्यावी लागते. तुला एक उदाहरण देते, करूनच बघ. मुंबईत हवामान खात्याच्या पावसाच्या मुख्य नोंदी दोन ठिकाणच्या, कुलाबा आणि सांताक्रूझ. २६ जुलै २००५ च्या त्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७३. साहेबांनी विचारलं, 'मुंबईत सरासरी किती?' तर एक्सेल क्षणात ५०८.५ काढून देईल. आणि एवढा पाऊस या दोन्हींपैकी कुठेच पडला नव्हता! तुझी आई त्या रात्री ऑफिसातच अडकली होती, तिला विचार. 'साहेब, इथे सरासरी नको, दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवूया' हे कारणासकट सांगता येणं, याचे पैसे आम्ही देतो. आता जुन्या वर्षांच्या पावसाच्या नोंदी मिळव आणि बघ, दोन्ही ठिकाणांमध्ये एवढी तफावत आणखी कधी होती का.

म्हणून माझं म्हणणं, नोकरी न सोडता सहा आठवडे दे. रात्री जेवणं झाल्यावर तासभर, रविवारी सकाळचे चार तास. घरात जमत नसेल तर जवळच्या अभ्यासिकेत जा. पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल फुकट आहेत, कॅल्क (एक्सेलसारखंच) आणि पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) यांचे तर मराठीतूनही आहेत. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलचे कोर्स सरकारच्या स्वयम् पोर्टलवर फुकट बघता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच हजार रुपये. एसक्यूएलच्या सरावाला मायएसक्यूएल फुकट, आलेख आणि डॅशबोर्ड करायचं पॉवर बीआय डेस्कटॉपही फुकट उतरवता येतं. शिकायचं सामान फुकट आहे. क्लास विकतो ते वेळापत्रक, सोबत, अडल्यावर विचारायला माणूस आणि कंपन्यांपर्यंतची ओळख. यातलं तुला नक्की काय हवंय, हे सहा आठवड्यांत तुझं तुलाच कळेल. एकटीने बसवत नसेल तर ठाण्याला किंवा दादरला शनिवार-रविवारचे क्लास याच्या दहाव्या हिश्शात मिळतात. शिकून झालंय, फक्त दार उघडत नाहीये असं असेल, तर सर्वांत जवळचं दार तुझ्याच ऑफिसात आहे. तुमच्याकडे एमआयएसची टीम आहे ना? त्यांच्या मॅनेजरला जाऊन भेट. सांग, 'तुमचा रोजचा एक रिपोर्ट मी शिकून करून देते.' रोजचे रिपोर्ट काढून कंटाळलेली टीम याला नाही म्हणत नाही.

आणि असंही होईल की तुला हे काम आवडणारच नाही. गलिच्छ फाइली साफ करण्यात दिवस जातो, सुंदर रंगीत डॅशबोर्ड कधीतरी. ते सहा आठवड्यांत फुकटात कळलेलं बरं.

महागडे कोर्स सगळेच वाया जातात असं नाही. कंपनी फी भरत असेल, तर डोळे झाकून जावं. दोन-तीन वर्षं हे काम करून एखाद्या ठिकाणी अडलेल्यांनाही फायदा होतो, कारण काय विचारायचं ते त्यांना माहीत असतं. पैसे बाजूला पडलेले आहेत, ते गेले तरी घर हलणार नाही, आणि शिक्षक स्वतः बसून तुमची फाइल तपासतो, अशा ठिकाणी मी स्वतः मुलं पाठवली आहेत. तेव्हा सहा आठवड्यांनंतरही तुला तिथेच जावंसं वाटलं, तर डेमो देणारे सर नव्हे, बॅचला रोज शिकवणारे कोण ते विचार. एका बॅचला किती मुलं, रेकॉर्डेड किती आणि समोरासमोर किती, सोडलं तर परत किती मिळतात, हे सगळं लेखी घे. आधीच कोणी फसलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी ग्राहक आयोगात दाव्याला फी नसते. पण तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

आईचं एक सांगते. ती तुला 'एफडी मोडते, तू काळजी करू नकोस' म्हणाली असेल. लेडीज डब्यात तिच्या शेजारी बसून मी डोंबिवली ते सीएसएमटी आयुष्य काढलंय, ती असंच म्हणणार हे मला माहीत आहे. ती एफडी तिच्या निवृत्तीनंतरची आहे आणि निवृत्तीला आता फार वर्षं नाहीत. तिला हात लावू नकोस.

काउन्सेलरचा उद्या फोन येईल. टोकन भरू नकोस, आधार आणि पॅनचे फोटोही पाठवू नकोस. 'कोर्सचा करार, परताव्याचे नियम आणि कर्जाचं तपशीलपत्रक ईमेलने पाठवा, वाचून कळवते,' एवढं सांग आणि ठेव. कागद आले की मला फॉरवर्ड कर, मी ओळन्‌ओळ वाचते. नाही आले तर तेही कळव. आणि सोमवारी लंचला त्या एमआयएसच्या मॅनेजरला गाठ.

तुझी,
मावशी