पिटकेर्न बेटावर शिडाच्या नौकेने पोहोचल्यावर स्वतःच्या डिंगीने (नौकेसोबतच्या छोट्या होडीने) किनाऱ्यावर उतरावे का?

शक्यतो उतरू नये. नौका बाहेर नांगरून व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर बेटवासीयांशी बोलावे आणि त्यांच्या लाँगबोटीतून (मोठ्या होडीतून) धक्क्यावर जावे. दक्षिण पॅसिफिकमधील या बेटाला सुरक्षित बंदर नाही. हजारो किलोमीटरच्या मोकळ्या समुद्रातून आलेली लाट बाउंटी बे या छोट्या उपसागराच्या अरुंद, खडकाळ तोंडाशी फुटते, आणि दोन लाटांमधला नेमका क्षण साधून आत शिरण्याचे कसब ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावरील बंडखोर खलाशांच्या, म्हणजे १७९० मध्ये तेथे वसलेल्यांच्या, वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासले आहे. त्या कसबाबद्दल मला नितांत आदर आहे. समुद्र अगदी शांत असल्यास अनुभवी माणसाला डिंगीने जाता येते, परंतु तेही बेटवासीयांना विचारूनच. शिवाय नांगर भरवशाचा नसल्याने एक जाणकार खलाशी नौकेवर ठेवावाच.